बेंबीखालचा डाग

४ एप्रिल २०१६, सोमवार

पोट दुखतं हिचं आणि डॉक्टरानं बघितलं तोंड. शहर वाढलं, दवाखाने वाढले, अक्कल तेवढी मागे राहिली.

दोन महिने झाले, जेवण झालं की हिला उजव्या बरगडीखाली कळ येते. सोनोग्राफी केली तर पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. इथवर ठीक. मग डॉक्टर हिमांशू म्हणून एक पोरगेला सर्जन आहे, तो म्हणाला, "मनकर्णाबाई, आ करा." हिनं केला. त्यानं बॅटरी मारली, पुढचा दात बोटानं हलवून पाहिला, हिरडी दाबली आणि हातमोजा उतरवत म्हणाला, "ऑपरेशन करायचंय, पण आत्ता नाही. आधी दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन या."

मी म्हटलं, "साहेब, खडे पोटात आहेत."

"माहीत आहे, बाबा. पण भूल देताना घशात नळी घालावी लागते. हलणारा दात तुटून श्वासनळीत गेला तर काय करायचं? शिवाय हिरड्यांत पू आहे. तो आहे तोवर साखर खाली येत नाही, आणि साखर वाढलेली असली की जखम चिघळते." वर आणखी म्हणाला, "फार लांबवूही नका. खडा पुढच्या नळीत अडकला तर जिवावर बेतेल."

म्हणजे घाई आहे, पण थांबा. मी जन्मभर लासूर स्टेशनच्या आडतीवर मापाडी होतो. असं दोन्हीकडून बोलणाऱ्या दलालाला आम्ही काट्याजवळ फिरकू देत नव्हतो. आमचा माऊली वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहे, पण तिथं बसून नुसती मान हलवत होता. सूनबाई, प्रेरणा, सगळं मोबाइलवर टिपून घेत होती.

हिला काही झालं तर सकाळचा चहा कोण करणार, हा विचार घरी आल्यापासून छळतो आहे. प्रेरणाचा चहा म्हणजे टँकरचं पाणी गरम केलेलं.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

शहराच्या कडेला असलेल्या आमच्या सातारा परिसरात नळ आहे, पण तो बिल्डरच्या नकाशात. पाणी टँकरनं येतं. बायका ड्रम लावून रांगेत बसतात आणि बसल्या की मिसरीची डबी फिरते. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, बोटावर घ्यायची आणि हिरडीला चोळत बसायचं. टँकर जेवढा उशिरा येईल तेवढी मिसरी जास्त. यंदा धरणच आटलं, तेव्हा विचारायला नको.

आता म्हणे मिसरी सोडा. माझ्या आईनं मरेपर्यंत लावली. शेवटी तिच्या तोंडात एकही किडका दात नव्हता. दातच नव्हते, पण किडका एकही नव्हता.

पाडव्याचा कडुलिंब चावला की वर्षभर हिरडीला काही होत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी हिला मूठभर पाला दिला. तिनं चावून थुंकला तर पाल्याबरोबर रक्त पडलं. मी म्हटलं, "लिंबाचा गुण आहे. घाण बाहेर पडती."

"व्हय," ती म्हणाली, "तुम्हाला समदंच ठावं असतंय."

सणाच्या दिवशी असं तिरकं बोलू नये, एवढंही हिला कळत नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

दातांची डॉक्टर सई नावाची आहे. तोंडाला कापड बांधून बोलते, म्हणजे काय बोलली ते कळायला नको. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत खुणा केलेली बारीक सळई घालून तिनं खोली मोजली. मोजणारं माणूस दिसलं की मी जरा गप्प बसतो, म्हणून बसलो.

मग तिनं कीटण काढायला यंत्र लावलं. एका नळीनं तोंडात पाणी उडवायचं, दुसरीनं लगेच ओढून घ्यायचं. मी विचारलं, "ताई, हे पाणी कुठलं?"

"टँकरचंच, आजोबा."

"मग एक तांब्या दिला असता तर हिनं खळखळून चूळ भरली असती. माणसं घागरीसाठी भांडतात आणि तुम्ही दातावर फवारे मारता."

ती हसली. तिचं आणि माझं भांडण होऊच शकत नाही, कारण ती ऐकतच नाही. म्हणाली, "सगळ्या दातांभोवतीची सूज एकत्र केली तर तळहाताएवढी उघडी जखम होईल. एवढी जखम आजींच्या हातावर असती तर तुम्ही घरी बसला असता का?"

हातावर असती तर दिसली असती. न दिसणाऱ्या गोष्टींचे पैसे घ्यायला हे लोक शिकले आहेत. आणि हिरडीतल्या पुवानं साखर वाढते, साखरेनं पू वाढतो, हे म्हणजे सासूमुळं सून भांडते आणि सुनेमुळं सासू. खरं कारण कोणीच सांगायचं नाही.

हलणारे दोन दात काढले. हिनं हूं केलं नाही. हिची सवयच तशी. माऊलीच्या वेळचं बाळंतपण फार अवघड गेलं, पण ओरडली नाही म्हणतात. मी नव्हतो. बाळंतपणं माहेरी होतात.

जाता जाता डॉक्टरीण मला म्हणाली, "आजोबा, तुमचंही तोंड बघायला हवं." मी तंबाखू चुन्याबरोबर खातो, मिसरीसारखी फासत नाही. एवढा फरक ज्यांना कळत नाही त्यांना तोंड दाखवून काय उपयोग.

२० एप्रिल, बुधवार

मिसरी बंद झाल्यापासून ही सैरभैर झाली होती. रांगेत शेजारच्या भामाबाईनं डबी पुढं केली की तोंड फिरवायची. ते मला बघवेना म्हणून नव्हे, तर घरात चिडचिड नको म्हणून मी शहर बसनं गुलमंडीला गेलो आणि जुन्या दुकानातून लाल मंजन आणलं. डबीवर झाडपाल्याचं चित्र होतं. हिला फार आवडलं. दिवसातून चारदा लावायला लागली. मी प्रेरणाला म्हटलं, "बघ. डॉक्टरांना सुचलं नाही ते मापाड्याला सुचलं."

आज सईबाईंनी हिचं तोंड पाहिलं, डबी मागवली आणि मागचा बारीक मजकूर वाचला. "आजोबा, यात तंबाखू आहे."

"थोडी असेल."

"ही मिसरीच आहे, फक्त लाल रंगाची."

प्रेरणा भिंतीकडं तोंड करून हसली. ही मात्र हसली नाही. घरी आल्यावर डबी उचलून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "माझ्यासाठी उन्हात गेला व्हता, ते मी इसरणार नाय. पण आता काय आणू नका."

दुकानदार चोर आहे. परत पाय ठेवणार नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

साखर उतरली. दीडशेच्या आसपास आली. गोळ्या बदलल्या होत्या, त्यामुळं उतरली असणार. हिरडीतून रक्त येत नाही हा योगायोग.

डॉक्टर हिमांशूनं आज पोट तपासलं. त्याचा बेत असा: चार छिद्रं पाडायची. पहिलं बेंबीपाशी. तिथून आत हवा भरायची, पोट फुगलं की दुर्बीण घालायची आणि बाकीच्या तीन छिद्रांतून चिमटे घालून पिशवी काढायची. मला हे लगेच समजलं. पोत्यात टोकदार नळी खुपसून दाणे बाहेर काढतात, तसंच. ती कुठं खुपसायची यावर सगळं असतं. मी त्याला सांगितलं, "पोतं जिथं रफू केलेलं असतं तिथं नळी मारायची नसते. सुतळी अडकते आणि पोतं फाटतं."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "अगदी बरोबर. म्हणूनच विचारतो, बेंबीखाली ही रेघ कशाची? मला टाक्यांची खूण वाटते. आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का?"

हिनं काही बोलायच्या आत मीच सांगितलं, "ऑपरेशन-बिपरेशन काही नाही. डाग आहे. माऊलीच्या बाळंतपणानंतर हिचं पोट फुगलं होतं, तेव्हा हिच्या आईनं विळा तापवून डागलं. आमच्याकडं पोटाच्या दुखण्यावर डागतात."

"पण रेघेच्या दोन्ही बाजूंना टिंबं आहेत."

"विळ्याला दाते असतात, साहेब. शेती बघितली नाही वाटतं?"

तो हिच्याकडं वळला. "आजी, नीट आठवून सांगा. आत कापलेलं असेल तर आतडं त्या जागी आतून चिकटून बसतं. मी तिथूनच टोचलं तर आतड्याला भोक पडेल. जिवाशी खेळ आहे."

ही छताच्या पंख्याकडं बघत होती. म्हणाली, "ह्यांनी सांगितलं ना."

झालं. शिकलेल्या माणसाला डाग आणि टाका यातला फरक कळत नाही आणि तो पोट कापणार. टाके कशाचे पडणार होते? दोनच लेकरं आम्हाला, थोरली आणि माऊली. पुढं देवानं हात आखडला. मी नवस केले, उपास केले. आई म्हणायची, एका लेकावर भागत नाही, दुसरी करून आण. मी आणली नाही. हा माझा मोठेपणा साऱ्या गावाला ठाऊक आहे. हिलाही मी वेळोवेळी आठवण देत असतो.

२ मे, सोमवार

खुलताबादहून सरूबाई आली आहे, हिची धाकटी बहीण. येताना सीताफळाच्या गप्पा आणि रिकामी पिशवी. तिकडंही पाणी नाही म्हणते. दोघी बहिणी आतल्या खोलीत कुजबुजतात आणि मी गेलो की थांबतात. आज ऐकू आलं ते एवढंच:

"सांगून टाक, आक्का. आता कोण काय करणारंय तुला?"

"तुला काय जातंय म्हणायला."

मी विचारलं, "काय सांगायचंय?"

सरूबाई म्हणाली, "दाजी, तुम्हाला नाय. तुम्हाला काय सांगायचं असतं का? तुम्हीच सांगत असताय."

बायकांचं बोलणं. साड्यांचं काहीतरी असणार.

६ मे, शुक्रवार

काल हिला फार मोठी कळ आली. घामानं लुगडं भिजलं, अंगात ताप, उलट्या. मी तिचे पाय धरून बसलो होतो, कारण दुसरं काय धरावं सुचलं नाही. माऊलीनं गाडी काढली. दवाखान्यात सुया देऊन कळ थांबवली आणि रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाला, आता थांबायचं नाही, मंगळवारी करू.

आज तो पुन्हा तपासायला आला तेव्हा प्रेरणा मला म्हणाली, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा. आत्यांना डॉक्टरांशी बोलायचंय." ज्या बाईला मी कधी एकटीनं बाजारालासुद्धा पाठवलं नाही, तिला डॉक्टरशी एकटीनं बोलायचंय! बाहेर बसलो. दार उघडलं तेव्हा हिचे डोळे लाल होते आणि प्रेरणा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. डॉक्टर म्हणाला, "बाबा, पहिलं छिद्र बेंबीतून नाही घेणार. डाव्या बरगडीखालून जाईन. आतून बघून मग बाकीची चार पाडू."

पित्ताची पिशवी उजवीकडं आणि हा शिरणार डावीकडून! घराला दार पूर्वेला असताना पश्चिमेची भिंत फोडायची. शिवाय डावीकडं काळीज असतं. मी विचारलं, "का?"

"ते जास्त सुरक्षित आहे."

"कशावरून?"

त्यानं हिच्याकडं पाहिलं. ही चादरीची कड चाचपत होती. "मला तसं वाटतं," एवढंच तो म्हणाला. माझ्या ओळखीतल्या एका पाटलाच्या जावयाचं सगळं ऑपरेशन एकट्या बेंबीतून झालं, खूणसुद्धा दिसत नाही. आणि आम्हाला पाच भोकं. पोट आहे की चाळणी.

९ मे, सोमवार

पुन्हा भरती केलं. नर्सबाईंनी कागद आणले. मी सांगितलं, "बेंबीतून करणार असतील तर सही करतो. डावीकडून शिरणार असतील तर नाही."

माऊली म्हणाला, "बाबा, आता नाटक नको."

"नाटक? तुझी आई आहे. काळजाला टोचलं तर तू कंपनीतून दुसरी आणणार आहेस का?"

डॉक्टरला बोलावलं. त्यानं समजावलं, चित्र काढून दाखवलं, बरगडीच्या आड काळीज वर कसं असतं ते सांगितलं. मी चित्रावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. शेवटी तो थकून म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढा हट्ट धरलात तर उद्या होणार नाही. आणि पुन्हा कळ आली तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही."

पण माझा शब्द गेला होता. मागं कसा घेणार?

तेव्हा ही उठून बसली. हाताला सलाईन, तोंडात पुढचे दोन दात नाहीत, आणि म्हणाली, "डाक्टरसाहेब, पोट कुणाचं हाय?"

"तुमचं, आजी."

"मग सही माझी चालती का ह्यांचीच लागती?"

"तुमचीच लागते. ते फक्त नातेवाईक म्हणून."

"द्या हिकडं." साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिनं एकेक अक्षर कोरून केली. मी म्हटलं, "मला न विचारता?" ती पेन परत देत म्हणाली, "पहिल्यांदा नाय."

याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. दुखण्यात माणूस काहीही बोलतं.

१० मे, मंगळवार

सकाळी नेलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, कारण बाहेरच्या बाकावर सगळेच घेत होते आणि देव तरी किती जणांचं ऐकणार. तंबाखूची पुडी काढली आणि तशीच ठेवली. चव नव्हती.

दुपारी डॉक्टर बाहेर आला. घामानं टोपी भिजलेली. म्हणाला, "झालं. आजी छान आहेत. पिशवीत पू झाला होता, अजून थांबलो असतो तर फुटली असती. आणि बेंबीतून गेलो नाही तेच वाचलं. आतडं तिथं आतून पोटाला पक्कं चिकटलेलं होतं. पहिलीच सुई त्यातून गेली असती."

माऊलीनं त्याचे पाय धरले. प्रेरणा रडायला लागली. मी बाकावर बसलो. बसल्यावर डोकं चाललं. मी म्हटलं, "बघा! डागाचा चटका आतड्यापर्यंत गेला असणार. काय अडाणी म्हातारी! किती तापवावा विळा?"

सरूबाई शेजारी होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "व्हय दाजी. लई तापला व्हता इळा."

संध्याकाळी मला आत सोडलं. ही डोळे मिटून होती. मी स्टुलावर बसलो तसे तिनं उघडले. आवाज घोगरा होता, पण शब्द सुटे होते.

"ऐका. त्यो डाग नव्हता."

मी म्हटलं, "पडून राहा."

"माऊली झाला तवा लई रगत गेलं. डाक्टरीण म्हणली, अजून एक झालं तर तू राहणार नाय. सरू संगं व्हती. सरकारी दवाखान्यात जाऊन बंद करून घेतलं. डागाचं सांगायला आईनं शिकवलं. तुम्ही आन तुमच्या आईनं मला नांदवलं नसतं." तिनं सलाईनचा हात पोटावर ठेवला. "मला जगायचं व्हतं."

मग तिचा डोळा लागला.

मी बाहेर येऊन नर्सबाईंना विचारलं, भूल उतरताना माणूस बडबडतं का? त्या म्हणाल्या, "काही काही जण बडबडतात." मग झालं. भुलीतलं बोलणं. माऊलीला सांगण्यासारखं त्यात काही नाही. सरूबाईलाही मी काही विचारलं नाही.

११ मे, बुधवार

काही खास नाही. दवाखान्याचा चहा घेतला. तोही वाईटच. माझी आई जाऊन तेवीस वर्षं झाली, नाहीतर तिला विचारलं असतं.

काय विचारलं असतं, कोण जाणे.

१४ मे, शनिवार

घरी आणलं. पाण्याच्या रांगेत आज मी ड्रम लावला. बायकांना फार मौज वाटली. भामाबाई म्हणाली, "काका, मिसरी देऊ का थोडी?" टवाळ जात. पाणी गढूळ आलं, ड्रम अर्धाच भरला, आणि वर उचलून आणताना माझी कंबर धरली. रोज हे उचलायला ही कशी पुरी पडत होती, मला माहीत नाही. कधी बोलली नाही. ही बाई कशाचंच बोलत नाही.

१७ मे, मंगळवार

जखमा कोरड्या आहेत. सईबाईंनी पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आहे, हिरड्यांचं उरलेलं काम करायला. मी नेणार आहे. माझंही तोंड दाखवून घ्यावं, असं प्रेरणाचं चाललंय. बघू. डॉक्टरांना एकदा दार उघडलं की ते घरात बिऱ्हाड करतात.

दुपारी माऊली कामावर, प्रेरणा बँकेत, सरूबाई परत गेलेली. ही पलंगावर बसून पेज पीत होती. मी पेपर वाचत होतो. पेपरात पाण्याशिवाय काही नसतं. पेपर खाली न ठेवता मी सहज विचारलं, "दवाखान्यात भुलीत काय काय बडबडत होतीस, आठवतं का?"

तिनं वाटी मांडीवर ठेवली. नजर खाली घातली नाही. एवढ्या वर्षांत या बाईनं माझ्याकडं असं सरळ बघितल्याचं मला आठवत नाही.

"समदं आठवतंय," ती म्हणाली.

मी काय विचारतो याची वाट बघत होती. विचारायचं पुष्कळ होतं. मी पेपरची घडी घातली, परत उघडली.

"पेज गार होतीय," मी म्हटलं.

तिनं वाटी उचलली.